आधीचं घर

फार जुन्या काळी, जेव्हाच्या पायवाटा आता रानाने गिळून टाकल्या आहेत, तेव्हा एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. मध्ये एक खिंड होती. अलीकडच्या गावात म्हशी होत्या, पलीकडच्या गावात नाचणी पिकायची. इकडचं तूप तिकडे जायचं, तिकडची नाचणी इकडे यायची, आणि दोन्ही गावांची भांडणं खिंडीतल्या वाऱ्यावर उडून जायची.

पोरांनो, ऐका. आणि पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्यांनो, तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

अलीकडच्या गावात म्हाळसा नावाची बाई राहायची. नवरा लवकर गेला होता. घरात ती, गोठ्यात म्हशी, आणि या सगळ्यांच्या वर आवाज चढवणारा तिचा एकुलता एक मुलगा हैबती.

हैबती एका हाकेत कधी आला नाही. जेवायला बस म्हटलं की तो गोठ्यात जायचा, आणि गोठ्यात जा म्हटलं की पाट मांडून बसायचा. आईच्या डोक्यावर एक पांढरा केस नव्हता तेव्हापासून तो तिला "म्हातारे" म्हणायचा. त्याची शीळ अशी होती की रानात पांगलेल्या म्हशी चरायचं थांबून माना वर करायच्या. म्हैस व्याली की खरवसाच्या आशेने हा दांडगा पोर चुलीपासून हलायचा नाही.

"आज ऊन फार आहे रे," म्हाळसा म्हणायची.

"ऊन नाही म्हातारे, तूच तापली आहेस."

मग ती लाटणं उगारायची, तो अंगणात पळायचा, आणि दोघंही हसत सुटायची. असे ते दिवस होते. ते दिवस चांगले आहेत, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. चांगल्या दिवसांचं तसंच असतं.

एका उन्हाळ्यात हैबती मध काढायला कड्यावर चढला. दोर तुटला नाही, माश्याही उठल्या नाहीत. पायाखालचा दगड निसटला, एवढंच झालं. त्याला घरी आणलं तेव्हा म्हाळसा भाकरी थापत होती. बाहेर माणसं का जमली ते बघायला ती पिठाच्या हातांनीच दारात आली.

पुढे कितीतरी दिवस लोक येऊन बसत राहिले. येणारा प्रत्येक जण तेच सांगायचा, "म्हाळसाबाई, आत्मा कधी मरत नाही. तो इथून तिथे जातो. नवा जन्म घेतो."

म्हाळसा ऐकून घ्यायची. एकदा मात्र ती म्हणाली, "मला आत्मा नको हो. मला माझा हैबती पाहिजे. आत्म्याला शीळ घालता येते का? आत्मा मला म्हातारे म्हणेल का?"

हळूहळू लोक यायचे थांबले.

पण कानावर पडलेला शब्द वाया जात नाही. रात्रंदिवस एकच विचार तिच्या मनात घर करून राहिला. तो कुठेतरी असेल. नवा जन्म घेऊन, कुणाच्या तरी अंगणात रांगत असेल. ती बाजाराला गेली की अनोळखी बायांच्या कडेवरची मुलं न्याहाळायची. कुणाचं मूल हट्टाने रडलं की थबकायची. एखाद्या गुराख्याने लांबून शीळ घातली की तिच्या हातातलं भांडं तसंच राहायचं. अशी काही वर्षं गेली.

गावात एक कासारीण यायची. दोन्ही गावांत तिची फेरी असे. म्हाळसा काही बांगड्या भरत नव्हती, पण कासारीण तिच्या ओट्यावर टेकायची, ताक प्यायची आणि पलीकडच्या बातम्या सांगायची.

एक दिवस ताकाचा पेला खाली ठेवत ती म्हणाली, "म्हाळसाबाई, सांगू की नको असं झालंय मला. पण पोटात राहत नाही. पलीकडच्या गावात तान्ही नावाची एक बाई आहे, तिला एक मुलगी आहे. सगुणा तिचं नाव. पाचएक वर्षांची असेल. ती आईला म्हणते, हे माझं घर नाही. माझं घर डोंगराच्या पलीकडे आहे, तिथे पुष्कळ म्हशी आहेत. एका म्हशीचं शिंग वाकडं आहे. आणि म्हणते, मी उंचावरून पडले होते."

म्हाळसाच्या गोठ्यात वाकड्या शिंगाची म्हैस होती. हैबतीची लाडकी.

ती उठली. चुलीवरचं दूध उतरवायचंही तिला सुचलं नाही. कासारीण मागून हाका मारत राहिली आणि म्हाळसा खिंडीची वाट चढू लागली.

तान्हीचं घर उतारावर होतं. दारात एक लहानगी पोर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत होती. केसांत तिने कसलंसं रानफूल खोचलं होतं. म्हाळसा तिच्यासमोर उकिडवी बसली.

"तुझ्याकडे म्हशी आहेत ना?" पोरीने विचारलं.

म्हाळसाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या लुगड्याला म्हशींचा वास येत होता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आहेत. मला ओळखलंस? सांग बरं, माझं नाव काय?"

पोरीने तिच्याकडे टक लावून बघितलं. मग म्हणाली, "आई."

"आईला दुसरं काय नाव असतं!" म्हाळसा म्हणाली आणि तिने त्या पोरीला छातीशी घेतलं.

गाव गोळा झालं. म्हातारी माणसं पोरीला एकेक विचारू लागली. घर कसं होतं? दारात झाड होतं का? पोरीने चिंच सांगितली, ती बरोबर निघाली. गोठा डाव्या हाताला सांगितला, तोही बरोबर. अंगणात विहीर आहे म्हणाली. म्हाळसाच्या अंगणात विहीर नव्हती.

"लहान आहे," म्हाळसा घाईने म्हणाली. "विसरली असेल."

घरच्या दारात तान्ही उभी होती. तिचा नवरा खाली मान घालून बसला होता. त्या काळी त्या भागात एक समजूत होती. दुसऱ्या घरचा जीव आपल्या घरात अडवून ठेवला, तर तो टिकत नाही. गावातल्या जाणत्यांनी तेच सांगितलं, "तान्ही, पोर जिथली आहे तिथे जाऊ दे. नाहीतर हातची जाईल."

तान्हीने भांडण केलं नाही. तिने पोरीचं तोंड पुसलं, केसांतलं फूल नीट केलं. मग म्हाळसाला म्हणाली, "मावशी, ती माझी की तुमची, ते मला कळत नाही. मला एवढंच कळतं की ती जगली पाहिजे. कुठेही जगू दे. तिला झोपताना पाय चेपून लागतात, तेवढं बघा."

म्हाळसाने ते ऐकलं न ऐकलं. तिला वाटत होतं, केव्हा एकदा खिंड ओलांडते.

सुरुवातीचे दिवस आनंदात गेले. सगुणाला म्हशी फार आवडल्या. वाकड्या शिंगाच्या म्हशीचं एक पारडू होतं, त्याच्या मागे ती दिवसभर फिरायची. गावातल्या बाया बघायला यायच्या आणि गालावर बोट ठेवून म्हणायच्या, "बाई बाई, परत आला गं पोर!" म्हाळसाच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी रया आली. ती चुलीपाशी गुणगुणू लागली.

तिने पोरीचे केस हैबतीसारखे बारीक कापले. पेटीतून त्याच्या लहानपणीच्या बंड्या काढल्या, उन्हात वाळवल्या आणि तिला घातल्या. परकर घडी करून पेटीत ठेवून दिला. सगुणा या नावाने तिला कुणी हाक मारायची नाही, असं सगळ्यांना बजावलं.

"हैबती! ए हैबती!" म्हाळसा अंगणातून हाक मारायची. किती वर्षांनी ही हाक तिच्या तोंडून निघत होती! पोरगी आधी इकडेतिकडे बघायची. पुढे पुढे तिला कळलं, की ही हाक आपल्यालाच आहे.

एक म्हैस व्याली. म्हाळसाने हौसेने खरवस केला, वेलची घातली, वाटी भरून पोरीपुढे ठेवली. पोरीने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"खा की. तुला किती आवडायचा!"

पोरीने नाक दाबून खाल्ला. तिला करवंदं आवडायची, आंबट ढाण. पण ते कुणी विचारलं नव्हतं.

एकदा म्हाळसा रानातून आली तर ओट्याच्या भिंतीवर गेरूने मोर काढलेला. मोराचा पिसारा पार कोपऱ्यापर्यंत गेला होता. पोर गेरूने माखलेले हात मागे लपवून, हसू दाबत उभी होती.

"हे काय केलंस? हैबती असलं काही करत नव्हता," म्हाळसा म्हणाली. ती रागाने बोलली नव्हती. उलट, विसरलेल्याला आठवण करून द्यावी, तशा मायेने बोलली होती. आणि तिने शेणाचा हात फिरवून भिंत सारवून टाकली.

त्यानंतर पोरीने भिंतीवर काही काढलं नाही.

म्हाळसा तिला गावभर फिरवायची. "या पारावर तू सूरपारंब्या खेळायचास. आठवतं?"

"हो."

"या ओहोळात तू एकदा मला ढकललं होतंस."

"हो."

"आणि मग तूच लाटण्याच्या भीतीने लपून बसलास."

"हो."

पोरीचं बोलणं कमी होत गेलं. झोपताना ती आपले पाय आपणच चेपायची. पारडाच्या गळ्यात हात टाकून बसायची आणि खिंडीकडे बघायची. बोलावलं की लगेच यायची, बस म्हटलं की बसायची, खा म्हटलं की खायची. शेजारपाजारचे म्हणायचे, "किती गुणाचं लेकरू!"

म्हाळसाला मात्र आत कुठेतरी टोचू लागलं. काय टोचतंय ते तिला कळेना. एक दिवस तिने अंगणातून हाक मारली आणि पोर पहिल्याच हाकेला धावत समोर येऊन उभी राहिली. म्हाळसा तिच्याकडे बघतच राहिली.

हैबती एका हाकेत कधी आला नव्हता.

पण माणसाचं मन कबूल करत नाही. तिने ते टोचणं बाजूला सारलं. तिच्या पोटात एक प्रश्न होता. हैबती गेला त्या दिवसापासूनचा. त्याचं उत्तर या जगात एकाच जिवाला माहीत असणार होतं, आणि तो जीव आता तिच्या घरात होता.

एका दुपारी ती पोरीला घेऊन कड्याच्या पायथ्याशी गेली. हैबती गेल्यापासून ती तिथे पाय ठेवत नव्हती. वर मोहोळं काळी लटकत होती. खाली दगडांत गवत उगवलं होतं. म्हाळसा एका दगडावर बसली आणि तिने पोरीचे दोन्ही हात हातात घेतले.

"बाळा, आता मी विचारते ते खरं खरं सांग. इथे पडलास तेव्हा तुला फार लागलं होतं का रे?"

पोर पायाच्या अंगठ्याने गवत चेपत राहिली.

"मला हाक मारलीस का? मी घरी होते, मला ऐकू आलं नाही. आणि मग पुढे काय झालं? अंधार होता का? तू भ्यालास का? कुणी होतं का तुझ्याबरोबर, की एकटाच होतास?"

म्हाळसा पोरीच्या तोंडाकडे अशी बघत होती, जणू आता त्या तोंडातून हैबती बोलेल.

पोर बराच वेळ खाली बघत राहिली. ती विचार करत होती, फार मोठा विचार. शेवटी तिने मान वर केली आणि अगदी हळू विचारलं,

"काय म्हटलं म्हणजे तू मला घरी सोडशील?"

म्हाळसाच्या हातातून तिचे हात सुटले.

कड्यावर मोहोळं गुणगुणत होती. मग म्हाळसा उठली आणि पोरीला घेऊन घराकडे चालू लागली. वाटेत तिने एकदाही हैबती म्हणून हाक मारली नाही. दुसरी कुठलीही हाक तिच्या तोंडात येईना.

संध्याकाळी ठकूआत्या आली. ही गावची सुईण. आता तिला नीट दिसत नव्हतं, पण गावातल्या निम्म्या लोकांना पहिला हात तिनेच लावला होता. हैबतीलाही. म्हाळसाने तिला ओट्यावर बसवलं आणि झालं ते सगळं सांगितलं. पोर गोठ्यात पारडापाशी होती.

"आत्या, तू सांग. ही माझा हैबती आहे की नाही?"

ठकूआत्याने तंबाखूची चिमूट दातांखाली धरली.

"ते मला कसं कळणार गं? मी येणाऱ्याला हातात घेते. तो कुठून आला ते मला कधी कुणी सांगितलं नाही. पण म्हाळसे, तुला एक आठवतं का? हैबती नुकता बोलायला लागला होता, तेव्हा काय म्हणायचा?"

"काय म्हणायचा?"

"आठव. पांढरा घोडा."

म्हाळसा दचकली. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिच्या मनातून पार पुसली गेली होती. हैबतीचं सगळं तिने जपून ठेवलं होतं. शीळ, हट्ट, चेष्टा, सगळं. हे मात्र तिने जपलं नव्हतं.

आणि आता ते एकदम समोर उभं राहिलं. इवलासा हैबती उंबऱ्यावर बसून भोकाड पसरतोय. "मला माझ्या घरी ने. तिथे पांढरा घोडा आहे. तिथे ताई आहे. ती माझी वाट बघते." गावात कुणाकडे घोडा नव्हता. हैबतीला ताई नव्हती. तरुण म्हाळसा आधी हसली होती. मग घाबरली होती. मग तिने त्याला उचलून पोटाशी गच्च धरलं होतं आणि म्हणाली होती, "हेच घर. मीच तुझी. दुसरं काही नाही." तो पुष्कळ दिवस घोड्याचं बोलायचा. ती तेच उत्तर द्यायची. मग म्हशी ओळखीच्या झाल्या, चिंचेवर चढता येऊ लागलं, आणि घोडा मागे पडला.

"त्या घरची कुणी बाई तेव्हा शोधत शोधत तुझ्या दारात आली असती तर?" ठकूआत्याने विचारलं. "म्हणाली असती, हा माझा गेलेला मुलगा आहे, याला घेऊन जाते. तू काय केलं असतंस?"

"फुंकणी घेऊन दारात उभी राहिले असते."

"तो खरोखर तिचाच असता तरी?"

"असू दे की! मागे कुणाचाही असेल. माझ्या पोटातून आला तेव्हा तो माझा..."

म्हाळसा मध्येच थांबली.

ठकूआत्याने पुढे काही विचारलं नाही. तिला म्हातारपणामुळे दिसत कमी होतं, पण कुठे थांबायचं ते दिसत होतं.

म्हाळसा खांबाला टेकून बसून राहिली. तिला वाटलं, त्या पांढऱ्या घोड्याच्या घरी कुणी आई असेल तर तीसुद्धा असंच कुणाकुणाची मुलं न्याहाळत फिरली असेल. ती आली असती आणि मी पोर दिलं असतं, तर काय झालं असतं? तिने त्याला घोड्यावर बसवलं असतं. जुन्या नावाने हाक मारली असती. त्याला ती शीळ कधी सापडली नसती. तो कधी कुणाला म्हातारे म्हणाला नसता. तो तिचा गेलेला मुलगाही झाला नसता आणि माझा हैबतीही झाला नसता.

घोडा विसरला, म्हणून तर तो हैबती झाला.

आणि ही गोठ्यातली पोर? हिला मी काहीच विसरू देत नाही. जे तिला आठवत नाही, तेही आठव म्हणते.

गोठ्यातून बारीक आवाज आला. पोर पारडाच्या कानात काहीतरी गात होती. पलीकडच्या गावचं, नाचणी काढतानाचं गाणं. म्हाळसा उठली आणि पोर झोपायला आली तेव्हा न बोलता तिचे पाय चेपत बसली. पोरीने आधी पाय आखडून घेतले. मग हळूहळू सैल सोडले.

सकाळी म्हाळसाने पेटीतून परकर काढला. पोरीला घातला. पोरीने डोळे मोठे केले, पण काही विचारलं नाही. विचारलं आणि बेत फिरला तर, अशी भीती तिला वाटली असावी. दोघी वाटेला लागल्या. पारडू दोरीने बरोबर घेतलं होतं.

चढणीवर म्हाळसाने विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"हैबती," पोर म्हणाली. सवयीने.

"नाही गं बाई. तुझं नाव. तुझ्या आईने ठेवलेलं."

पोरीने तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं. यात काही खोच तर नाही ना? मग ओठातल्या ओठात म्हणाली, "सगुणा."

"मोठ्याने सांग. मला कमी ऐकू येतं."

"सगुणा!"

खिंडीने ते नाव उचललं आणि दोन्ही बाजूंना टाकलं.

चढता चढता म्हाळसाने तिला खायला काय आवडतं तेही विचारलं, आणि ती लगेच म्हणाली, "करवंदं!" खिंडीच्या टोकावरून पलीकडचा उतार दिसला, नाचणीचे तुकडे दिसले आणि तान्हीचं घर दिसलं. सगुणा धावत सुटली. परकर दोन्ही हातांनी वर धरून, ठेचकाळत, पुन्हा उठत ती उतारावरून पळाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. म्हाळसा पारडाची दोरी धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तान्ही शेतातून पळत आली, पोरीला कवटाळलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली.

"मावशी, परत का आणलीत? आता जगेल ना ही?"

"जगेल. तुझी म्हणून जगेल."

"आणि जाणते म्हणाले ते? दुसऱ्याचा जीव..."

"अगं, दुसऱ्याचा नसलेला जीव कुणाच्या घरात आहे?" म्हाळसा म्हणाली. "माझा होता, तोही आधी कुणाचा तरी असेलच. तू असशील, मी असेन. आपण सगळीच कुठून तरी उठून आलो. म्हणून कुणी आपल्याला परत नेत नाही."

"आणि हिला पुन्हा म्हशींचं घर आठवलं तर?"

"ऐकून घे. हसू नकोस, घाबरू नकोस, आणि खोदून विचारू नकोस. मग तिला करवंदं दे. आणि हे पारडू ठेव, त्याच्यावाचून ती राहायची नाही."

म्हाळसा एकटी परतली. घरी आली, दार लावलं आणि हैबतीसाठी रडली. त्या दिवशी पिठाच्या हातांनी दारात उभी असताना जे रडू आलं नव्हतं, ते आता आलं. इतकी वर्षं ती त्याला शोधत होती. ज्याला शोधायचं असतं, त्याच्यासाठी रडता येत नाही. आता ती शोधत नव्हती.

आणि नवल असं की त्यानंतर हैबती तिला पुन्हा भेटू लागला. कुणाच्या कडेवर नाही, कुणाच्या तोंडातून नाही. तो जसा होता तसा, तिच्या आठवणीत. पूर्वी त्याची आठवण आली की ती धावायची. आता ती बसायची. ओट्यावर पोरं जमायची आणि ती त्यांना हैबतीच्या खोड्या सांगायची. ढकललेली आई, लाटण्याला भिऊन लपलेला पोर. पोरं खदखदून हसायची आणि म्हाळसाही हसायची. "पुन्हा सांग ना," पोरं म्हणायची. ती पुन्हा सांगायची. प्रत्येक वेळी शेवटी थोडी गप्प व्हायची, आणि पोरं तिला तेवढा वेळ द्यायची.

तिचा प्रश्न तसाच राहिला. त्याला लागलं का, तो भ्याला का, पुढे काय होतं. ते तिला कधी कळलं नाही. पण एका लहान पोरीकडून ते वदवून घ्यायची गरज आता तिला वाटत नव्हती.

पुष्कळ वर्षांनी सगुणा लग्न होऊन सासरी निघाली. वाट खिंडीतूनच होती. वऱ्हाड पाणी प्यायला म्हाळसाच्या अंगणात थांबलं. उंच, हसऱ्या चेहऱ्याची पोर. केसांत फुलं माळलेली. ती वाकून म्हाळसाच्या पाया पडली.

"आजी, मी लहानपणी तुमच्याकडे राहिले होते म्हणे. आई सांगते. मला काहीच आठवत नाही."

"राहिली होतीस."

"का हो?"

म्हाळसाने तिच्या गालावरून हात फिरवला. "पाहुणी म्हणून आली होतीस, बाळ. फार गोड पाहुणी होतीस."

वऱ्हाड निघून गेलं. म्हाळसा दारात उभी राहून त्यांचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिली.

तीही मग फार दिवस राहिली नाही. शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा ओट्यावरची ती पोरं आता बाप्ये आणि बाया होऊन उशाशी बसली होती. त्यांतली एक रडत म्हणाली, "आजी, पुढच्या जन्मी कुठे जाशील गं? आम्हांला काही खूण सांगून जा. आम्ही तुला शोधून काढू."

म्हाळसाने डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर तो जुना, लाटणं उगारतानाचा रागाचा आव आला आणि मागोमाग हसू आलं.

"खबरदार कुणी शोधायला आलात तर," ती म्हणाली. "जिच्या पोटी जाईन, तिची होईन. तिथे माझं काय नाव असेल, मला काय आवडेल, ते मला माझं ठरवू द्या. तुम्हांला आठवण आली, तर इथे ओट्यावर बसा आणि मला हसा."

तिने डोळे मिटले. गावाने तिचं ऐकलं. कुणी तिला शोधायला गेलं नाही, आणि त्या ओट्यावर हसणं पुष्कळ वर्षं ऐकू येत राहिलं.

तात्पर्य: गेलेल्याला आठवणीत जागा द्यावी, आणि आलेल्याला त्याचा स्वतःचा जन्म जगू द्यावा.